फुफ्फुसाभोवती साचणारे पाणी : उपचार श्वासासाठी

'छातीत पाणी झाले' हे शब्द कानी पडताच आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका येते. मात्र फुफ्फुसाचा कर्करोग बळावल्यावरही असे पाणी साचते.

पाणी का साचते?
फुफ्फुसाच्या आवरणाला दोन पदर असतात. निरोगी माणसात त्यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. कर्करोगाच्या पेशी आवरणावर पसरल्या, की पाझर वाढतो, निचरा खुंटतो आणि लिटर-दोन लिटर पाणीही जमते. फुफ्फुस दबते; धाप लागते, कोरडा खोकला येतो, छाती जड होते.

निदान
क्ष-किरण व सोनोग्राफीने पाणी दिसते. कारण ठरविण्यासाठी सुईने नमुना घेतात. पहिल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे. गरजेनुसार आवरणाचा तुकडा तपासावा लागतो. पेशी आढळल्यास रोग चौथ्या टप्प्यातील मानला जातो.

उपचार
त्रास नसल्यास पाणी काढण्याची सहसा घाई करीत नाहीत. धाप असल्यास जागा बधिर करून सुईने पाणी काढतात. एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंतच, कारण घाईने अधिक काढल्यास फुफ्फुसाला सूज येऊ शकते. आराम लवकर पडतो. पण बहुतेकांना काही आठवड्यांत पुन्हा पाणी होते.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. पहिला, 'प्लुरोडेसिस' : टाल्कची निर्जंतुक पूड सोडून दोन्ही पदर चिकटविणे. यासाठी फुफ्फुस पूर्ण फुलायला हवे आणि काही दिवस रुग्णालयात राहावे लागते. दुसरा, त्वचेखालून बसविलेली बारीक नळी. तिच्यातून घरीच पाणी काढता येते. फुफ्फुस फुलत नसेल, तर हाच मार्ग सोयीचा. मात्र जंतुसंसर्गाचा धोका सांभाळावा लागतो.

ब्रिटनमधील १०६ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही मार्गांनी धाप सारखीच कमी झाली. नळी बसविलेल्यांचे रुग्णालयातील दिवस कमी होते, गुंतागुंती मात्र अधिक.

यांपैकी कोणताही मार्ग मूळ रोग हटवीत नाही. त्यावर केमोथेरपी वा जनुकीय तपासणीनुसार गोळ्या देतात. उरलेल्या धापेवर मॉर्फिनची अल्प मात्रा उपयोगी ठरते. म्हणूनच निवड करताना 'पाणी किती उरले?' यापेक्षा 'श्वास किती सुकर होईल आणि किती दिवस घरी काढता येतील?' हे डॉक्टरांना विचारावे. रुग्णाची इच्छाही तेव्हाच जाणून घ्यावी.