ग्रंथपाल : शिक्षक, शिक्षकेतर की आणखी कोणी?

आपल्या मीरा-भाईंदरच्या कुठल्याही महाविद्यालयात जाऊन विचारा, ग्रंथपाल कोण? मुलं सांगतील, 'त्या लायब्ररीवाल्या मॅडम'. त्या शिक्षक आहेत का, असं विचारलंत तर मुलं गोंधळतील. खरं म्हणजे सरकारी कागदसुद्धा बरीच वर्षं गोंधळलेले होते, आणि या गोंधळाला इतिहास आहे.

1924 साली मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. नेमणूक झाली शियाळी रामामृत रंगनाथन यांची. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. वर्गातून उठून रिकाम्या ग्रंथालयात बसल्यावर त्यांना करमेना. मला परत शिकवायला घ्या, असं त्यांनी सांगून पाहिलं. सल्ला मिळाला की आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघून या, मग ठरवा. ते गेले, आणि परत आले ते ग्रंथपाल होऊन. पुढे 1931 ची पाच सूत्रं, 1933 ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. पण बघा, ज्यांचा 12 ऑगस्ट हा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, त्यांनाही सुरुवातीला आपण मूळचे शिक्षक आहोत असंच वाटत होतं.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. पु. म. जोशी. राजाबाई टॉवरच्या इमारतीत बसणारे. नंतर ते मुंबईच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले, आणि शेरवानींबरोबर मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे खंड संपादित केले. त्यांचं नाव आज घेतलं जातं ते इतिहासकार म्हणून. मला हे जरा खटकतं. ग्रंथपालाला मान मिळतो, तो बहुधा त्याने केलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी.

मग दर्जाचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 साली ग्रंथालय समिती नेमली. अध्यक्ष पुन्हा रंगनाथनच. ग्रंथपालाला वेतन आणि दर्जा शिक्षकाच्या बरोबरीने द्या, असं या समितीचं म्हणणं. म्हणजे ग्रंथपालाची उंची मोजायची पट्टी शिक्षकाची ठरली. पगारासाठी ते बरं झालं, यात शंका नाही. पण तालिका करणं, संदर्भ शोधून देणं, पहिल्या वर्षाच्या मुलाला कपाटापर्यंत नेणं, हे या पट्टीवर दिसतच नाही. आयोगाच्या 2010 च्या नियमावलीचं नावच बघा ना, 'शिक्षक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी'. ग्रंथपाल त्या 'इतर'मध्ये. नेट-सेट मात्र त्यालाही लागतंच!

महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. 'शिक्षक' या शब्दाच्या व्याख्येत महाविद्यालयाचा ग्रंथपाल आहे. विद्यापीठ पातळीवर तर पाटीच बदलली. पुण्याचं जयकर ग्रंथालय आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र झालं, आणि त्याच्या प्रमुखाला म्हणायचं संचालक. महाविद्यालयात मात्र ग्रंथपाल हा ग्रंथपालच राहिला. मला तोच शब्द आवडतो, पण तो मुद्दा वेगळा.

त्या व्याख्येतले पहिले दोन शब्द महत्त्वाचे आहेत, 'पूर्णवेळ' आणि 'मान्यताप्राप्त'. विद्यापीठाची मान्यता नसलेली, तासांवर किंवा वर्षाच्या करारावर ठेवलेली व्यक्ती काम सगळं तेच करते. पुस्तकं तीच लावते, नॅकची फाइलही तीच भरते. पण व्याख्येत बसत नाही. तेव्हा आपल्या भागातल्या महाविद्यालयाची भरतीची जाहिरात वाचाल, तेव्हा ग्रंथपाल या पदापुढे काय लिहिलंय, तेवढं जरूर बघा.