कापडाचा रंग, मज्जेची वाट

वाणगावच्या शेजारचेच स्टेशन बोईसर. तेथून जवळ तारापूरची औद्योगिक वसाहत. कापडाला चढणारे रंग तेथे तयार होतात. अशाच एका रंगाने मज्जापेशींची गुंतवळ उकलली, त्याची ही हकीकत.

१८७३ साली इटलीच्या गॉल्जीने मेंदूच्या कापात चांदीचा क्षार भिनविला. असंख्य पेशींतली एखादीच काळी होई, पण अगदी शेंड्यापर्यंत! त्याला त्यात अखंड जाळे दिसले. स्पेनच्या काहालने त्याच रीतीने पेशी सुट्या असल्याचे दाखविले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांत विभागले गेले. परंतु चांदी कोणती पेशी धरील, हे कुणाच्याच हाती नव्हते.

ते साधले १९६८ साली. स्ट्रेटन आणि क्रॅविट्झ यांनी शेवंडाची एकच मज्जापेशी निवडली आणि काचेच्या अतिसूक्ष्म नळीतून तिच्यात प्रोसिऑन यलो हा सुती कापडाचा रंग सोडला. धाग्याला घट्ट धरणारा तो रंग पेशीलाही धरून राहिला. योग्य प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली तिची फांदी न्‌ फांदी लकाकली. पेशीचे काम विजेच्या स्पंदांवरून कळतच होते. आता तिची वाटही दिसली.

दिवाळीचे नवे कापड नेसताना, वाचकहो, रंगाची ही दुसरी चाकरीही आठवावी.