टोप्यांचे 4 रुपये 2 आणे

खुलताबादला जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर उघड्या आभाळाखाली आहे. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, निजामाच्या काळातली. 1707 मध्ये तो अहमदनगरजवळ वारला आणि देह इथे आणला गेला. त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात हिशेब आहे: टोप्या शिवून मिळालेले 4 रुपये 2 आणे कफनासाठी, कुराणाच्या नकला करून मिळालेले 305 रुपये फकिरांत वाटायला.

संभाजी महाराजांना ज्याने हालहाल करून मारलं, दख्खनच्या लढायांत जवळपास 25 वर्षं खजिना ओतला, त्याच्याबद्दल माझ्या मनात माया नाही. पण हा हिशेब मला कळतो. मी नुकतीच क्रोशाची पांढरी टोपी पुरी केली. मधल्या गोलापासून सुरुवात, दर फेरीला टाके वाढवायचे, माथा भरला की वाढ थांबवून कड उतरवायची. शेजारच्या चाचांनी ती ईदला घातली, तेव्हा ऊर भरून आला. पगाराच्या दिवशी असं कधी झालं नव्हतं. एवढ्या मुलखाचा महसूल हाताशी असताना कफनासाठी त्याने टोप्यांचेच पैसे काढून ठेवले, यात मला धर्मनिष्ठेइतकाच कारागिराचा अभिमान दिसतो.