अर्धा मीटर गॉझ

सिग्मंड फ्रॉइड म्हटलं की कोच, स्वप्नं आणि सिगार आठवतात. त्या यादीत गॉझची एक पट्टीही असायला हवी, असं मला बरेच दिवस वाटतंय. साधारण अर्धा मीटर लांबीची, आयोडोफॉर्म लावलेली ही पट्टी १८९५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हिएन्नातल्या तीस वर्षांच्या एका बाईच्या नाकाच्या पोकळीत दोनएक आठवडे राहिली होती. ज्याने ती आत भरली, तो ऑपरेशन उरकून बर्लिनला निघून गेला होता.

त्या बाईंचं नाव एमा एकश्टाइन. पोटाच्या तक्रारी, पाळीच्या वेळच्या वेदना आणि चालायला होणारा त्रास घेऊन त्या फ्रॉइडकडे आल्या. फ्रॉइडचा त्या काळातला जिवलग मित्र म्हणजे बर्लिनचा नाक-घशाचा डॉक्टर विल्हेल्म फ्लीस. नाकातल्या ठरावीक जागांचा आणि जननेंद्रियांचा थेट संबंध असतो, म्हणून पाळीच्या दुखण्यावर नाकात उपचार करता येतो, असा फ्लीसचा सिद्धांत होता. आज हे वाचताना हसू येतं. पण फ्रॉइड तेव्हा जेमतेम अडतीस वर्षांचा होता, व्हिएन्नाच्या वैद्यकवर्तुळात एकटा पडलेला होता आणि फ्लीसच्या बुद्धीवर त्याचा संपूर्ण विश्वास होता. फ्लीस व्हिएन्नाला आला, त्याने एमाच्या नाकातल्या एका हाडाचा तुकडा काढला आणि तो परत गेला.

त्यानंतर एमाचा चेहरा सुजला. नाकातून पू आणि दुर्गंधी यायला लागली, रक्तस्राव सुरू झाला. शेवटी रोझानेस नावाच्या नाक-घशाच्या डॉक्टरला बोलावलं. जखमेच्या तोंडाशी साफसफाई करताना त्याच्या हाताला दोऱ्यासारखं काहीतरी लागलं आणि त्याने ते ओढलं. आतून अर्धा मीटर गॉझ बाहेर आलं आणि त्यामागोमाग रक्ताचा लोंढा. एमा पांढरीफटक पडली, डोळे बाहेर आले, नाडी लागेना. रोझानेसने झटपट नवं गॉझ भरून रक्त थांबवलं. हे सगळं अर्ध्याएक मिनिटात घडलं. फ्रॉइडला मात्र भोवळ आली. तो शेजारच्या खोलीत गेला, पाणी प्यायला आणि कोन्याकचा पेला घेतल्यावर सावरला. तो परत आला तेव्हा शुद्धीवर असलेल्या एमाने पुरुषजातीच्या बळकटपणावर त्याला एक टोमणा मारला, असंही त्यानेच लिहून ठेवलंय.

हे सगळं आपल्याला कळतं ते ८ मार्च १८९५ रोजी फ्रॉइडने फ्लीसला लिहिलेल्या पत्रातून. मला त्या पत्रातली एक कबुली महत्त्वाची वाटते. आपण या बाईवर अन्याय केला, तिच्या त्रासात विकृत असं काही नव्हतं, आत राहिलेलं गॉझ हे त्याचं कारण होतं, असं फ्रॉइड तिथे स्वच्छ म्हणतो. पण त्याच पत्रात तो मित्राला धीरही देतो, की असे अपघात अत्यंत काळजीपूर्वक काम करणाऱ्या सर्जनच्या हातूनही होतात. इथवर ठीक आहे, होतातच. अडचण पुढच्या वर्षी येते. १८९६ च्या वसंतातल्या पत्रांमध्ये तोच फ्रॉइड फ्लीसला कळवतो, की एमाचा रक्तस्राव हिस्टेरियातून आलेला होता, त्यामागे तिची प्रेमाची आस होती. वर्षभरात गॉझ हिशोबातून गायब झालं आणि दोष पुन्हा पेशंटकडे गेला.

मधल्या काळात, जुलै १८९५ मध्ये, फ्रॉइडला ते प्रसिद्ध स्वप्न पडलं. 'इर्मा' नावाची पेशंट तोंड उघडायला तयार नसते. उघडल्यावर तिच्या घशात पांढरा चट्टा दिसतो आणि नाकातल्या हाडांसारख्या वळणदार भागांवर करडी खपली दिसते. मग उलगडा होतो, की दुसऱ्याच एका डॉक्टरने अस्वच्छ सिरिंजने इंजेक्शन दिलं होतं. स्वप्नांवरच्या त्याच्या ग्रंथात हे स्वप्न नमुना म्हणून येतं आणि फ्रॉइड त्याचा अर्थ लावतो तो असा: इर्माच्या आजाराला मी जबाबदार नाही, ही माझी इच्छा स्वप्नाने पूर्ण केली. पानंच्या पानं चाललेल्या त्या विश्लेषणात गॉझचा उल्लेख नाही. हा धागा १९६६ साली माक्स शूर यांनी जोडला. शूर हे फ्रॉइडच्या अखेरच्या वर्षांतले वैयक्तिक डॉक्टर. १९५० साली फ्रॉइडची फ्लीसला लिहिलेली पत्रं प्रथम छापली गेली, तेव्हा एमाचं हे प्रकरण त्यातून वगळलं होतं. संपूर्ण पत्रं छापून यायला १९८५ साल उजाडलं. नाकातलं गॉझ दोन आठवड्यांत सापडलं, कागदावरचं सापडायला नव्वद वर्षं लागली.

गॉझ विसरलं कसं जातं? एकदा रक्तात भिजलं की ते आजूबाजूच्या मांसासारखंच दिसतं. राँटगेनला क्ष-किरण सापडले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पण सुती कापड क्ष-किरणांतही दिसत नाही. म्हणून पुढे गॉझमध्ये क्ष-किरणांना अडवणारा, बेरियम सल्फेटचा धागा विणायला लागले. शिवाय मोजणी आली: ऑपरेशनच्या आधी आणि टाके घालण्याआधी गॉझ, सुया, अवजारं मोजायची. तरी वस्तू राहतातच. ज्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, त्या डॉ. अतुल गावंडे यांनी सहकाऱ्यांसोबत २००३ साली अमेरिकेतल्या अशा ५४ पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत राहिलेल्या ६१ वस्तूंपैकी ६९ टक्के गॉझ किंवा स्पंज होते. तातडीच्या ऑपरेशनमध्ये धोका नऊ पट, ऐनवेळी बेत बदलला तर चौपट. आणि ज्या ऑपरेशनांत शेवटची मोजणी झाली होती, त्यांतल्या बहुसंख्य वेळी ती 'बरोबर' म्हणून नोंदलेली होती.

जबड्याच्या ऑपरेशनमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे एक गॉझ मुद्दाम नजरेआड ठेवलं जातं. पेशंटला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली की घशात ओल्या गॉझची लांब पट्टी भरतात. त्याला थ्रोट पॅक म्हणतात. रक्त, दाताचे तुकडे खाली जाऊ नयेत हा हेतू. ऑपरेशन संपल्यावर, नळी काढण्याआधी, पॅक काढायचा. तो राहिला आणि नळी निघाली तर पेशंटचा श्वासच कोंडतो. पूर्वी जबड्याचं हाड जुळेपर्यंत वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवत. त्या बांधलेल्या दातांमागे पॅक राहिला तर काय होईल याची कल्पना करा. तार कापायची पक्कड पेशंटच्या उशाशी ठेवण्याची पद्धत पडली ती उलटी झाली किंवा श्वास कोंडला तर तोंड लगेच उघडता यावं म्हणूनच.

हा पॅक अनेकदा भूलतज्ज्ञ ठेवतो आणि तोंडात काम सर्जन करतो. काढायचा कोणी? दोघांनाही वाटू शकतं, दुसऱ्याने काढला असेल. त्यावरचे उपाय अगदी साधे आहेत: पट्टीचं टोक तोंडाबाहेर ठेवणं, पेशंटच्या कपाळावर किंवा नळीवर चिकटपट्टी लावणं, भिंतीवरच्या फळ्यावर लिहिणं, मोजणीत पॅकही धरणं. २०१८ साली ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या, जबड्याच्या सर्जनांच्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आणखी मूळचा प्रश्न विचारला. या पॅकचा फायदा होतो याचा पुरावा कुठे आहे? तो पुरेसा सापडला नाही, तेव्हा भूलतज्ज्ञाने सवयीने पॅक ठेवू नये असं त्यांनी सुचवलं. जी वस्तू ठेवलीच नाही ती विसरता येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे घटनेचा अहवाल लिहितात, त्यात कोणाचं नाव घालायचं नाही असा रिवाज आहे. माणूस चुकणारच, तर ती चूक निसटून जायला वाट कुठे मिळाली ते शोधा. मला हा रिवाज आवडतो. फ्लीसची बाजू घेताना फ्रॉइडही वरवर पाहता हेच म्हणत होता. फरक असा, की दोष कोणाला द्यायचा नाही म्हणून घटनाच पुसायची, हे त्या रिवाजात बसत नाही. आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं देणं त्याने फिटत नाही.

हे देणं काय असतं ते आपल्याकडच्याच एका खटल्यात दिसतं. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदी झाली. पोट दुखत राहिलं, दुसरं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. त्याच महिन्यात ती वारली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ साली तो पुन्हा कायम केला. कोणत्या डॉक्टरची चूक किती याचा काथ्याकूट न करता कोर्टाने साधी गोष्ट धरली: टॉवेल आत राहिला नसता तर दुसऱ्या ऑपरेशनची गरजच पडली नसती. तेहेतीस वर्षांनी का होईना, टॉवेल हिशोबात राहिला.

१९२३ साली फ्रॉइडच्याच तोंडात कर्करोग निघाला. पहिलं ऑपरेशन घाईत झालं आणि त्यानंतर त्याला भरपूर रक्तस्राव झाला. ऑक्टोबरात हान्स पिखलर या सर्जनने उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळू यांचा मोठा भाग काढला आणि नाक व तोंड वेगळं ठेवायला कृत्रिम टाळू बसवली. ती सतत टोचायची, बदलावी लागायची. पुढच्या सोळा वर्षांत तिशीपार ऑपरेशनं झाली. पिखलरने प्रत्येक भेटीची बारीक नोंद ठेवली: कुठे दुखतं, किती घासलं, काय बदललं. फ्रॉइडची तक्रार त्याच्या मनाचा खेळ आहे, असं ठरवून तो मोकळा झाला नाही.

एमा एकश्टाइन त्या प्रसंगातून वाचल्या, पण चेहऱ्याची एक बाजू कायमची खचली. पुढे त्या स्वतः मनोविश्लेषण करू लागल्या, आणि मुलांच्या लैंगिक शिक्षणावर त्यांनी १९०४ साली एक पुस्तक लिहिलं. १९२४ साली त्या गेल्या. त्यांच्या नाकात काय राहिलं होतं, हे छापून यायला तेव्हा अजून बेचाळीस वर्षं होती.