तास, आठवडे, वर्षे : श्रोणीभंगाचा इतिहास

१/१६
२ फेब्रुवारी १९४९. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, व्हॅन हॉर्न गावाजवळ, सकाळी दाट धुके होते. एका ट्रकला मागे टाकू पाहणारी प्रवासी बस अरुंद पुलावर समोरून येणाऱ्या कॅडिलॅक मोटारीवर आदळली. मोटार चालवत होता त्या काळचा अग्रगण्य गोल्फपटू बेन होगन. वय ३६.

२/१६
धडकेच्या क्षणी होगनने शेजारी बसलेल्या पत्नीवर, व्हॅलरीवर, स्वतःला झोकून दिले. त्याच वेळी स्टीअरिंगचा दांडा चालकाच्या रिकाम्या आसनात घुसला. पत्नीला वाचवताना त्याचाही जीव वाचला. मात्र त्याची श्रोणी दोन ठिकाणी मोडली. गळपट्टीचे हाड, बरगडी आणि डावा घोटा यांनाही इजा झाली.

३/१६
श्रोणी म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे : दोन्ही बाजूंना खुब्याची हाडे, मागे त्रिकोणी त्रिकास्थी. या कड्याच्या आतील भिंतीला लागूनच मोठ्या धमन्या, शिरांचे दाट जाळे आणि पायांकडे जाणारे मज्जातंतू असतात. कडे मोडले की हाड हा बहुधा सर्वांत लहान प्रश्न उरतो.

४/१६
खऱ्या संकटाच्या तीन मुदती असतात. रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. शिरांत साकळलेली गुठळी काही आठवड्यांत घात करते. दुखावलेला मज्जातंतू पुढची अनेक वर्षे छळतो. वैद्यकाला या तिन्ही गोष्टींचे भान एकाच वेळी आले नाही. त्या विलंबाचाच हा इतिहास.

५/१६
पॅरिसचे शल्यचिकित्सक जोसेफ-फ्रान्स्वा मालगेन यांनी १८४७ च्या आपल्या अस्थिभंगविषयक ग्रंथात श्रोणीच्या पुढे आणि मागे होणाऱ्या दुहेरी उभ्या भंगाचे वर्णन केले. तो भंग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ४८ वर्षे बाकी होती. हाडाचा अभ्यास एवढा पुढे गेला होता. हाडामागे काय फाटते, हे मात्र शवविच्छेदनातच दिसे.

६/१६
कारण हा रक्तस्राव बाहेर दिसत नाही. उदरपोकळीच्या मागील सैल जागेत काही लिटर रक्त साठू शकते. रुग्ण पांढरा पडतो, हातपाय गार होतात, नाडी क्षीण होते. पण अंगावर मोठी जखम असेलच असे नाही.

७/१६
अशा वेळी शल्यचिकित्सकाची स्वाभाविक प्रेरणा एकच : पोट उघडावे, फाटलेली वाहिनी शोधावी, बांधून टाकावी. पण साठलेले रक्त आणि भोवतालच्या ऊती यांच्या दाबानेच आतला स्राव काही अंशी रोखलेला असतो. पोट उघडताच तो बांध फुटतो आणि असंख्य लहान शिरांतून रक्त उसळते. बांधायला एकच असे तोंड सापडत नाही.

८/१६
असे का होते, याचे उत्तर फिनलंडमधून आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी हुइट्टिनेन आणि स्लॅटिस या संशोधकांनी श्रोणीभंगाने मरण पावलेल्यांच्या धमन्यांत क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरून चित्रे घेतली आणि नंतर विच्छेदन केले. बहुतांश मृतदेहांत एखादी मोठी धमनी तुटलेली नव्हती. रक्त लहान-मध्यम शाखांमधून आणि मोडलेल्या हाडाच्या सच्छिद्र टोकांतून झिरपले होते.

९/१६
मग पोट न उघडता आत पोहोचायचे कसे? १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि बारीक नळी यांच्या साहाय्याने त्वचेतूनच धमनीत शिरण्याची पद्धत दिली होती. १९७२ मध्ये मार्गोलिस आणि त्यांच्या बोस्टनमधील सहकाऱ्यांनी याच वाटेने श्रोणीतील गळती शोधली आणि रुग्णाच्याच रक्ताची गुठळी आत सोडून ती बुजवली.

१०/१६
शिरांतून आणि हाडातून होणाऱ्या गळतीवरचा उपाय आणखी साधा निघाला : उघडलेले कडे बाहेरून आवळणे. स्वित्झर्लंडच्या राइनहोल्ड गांझ यांनी १९९१ मध्ये त्यासाठी खास चिमटा मांडला. आज अपघातस्थळी घट्ट गुंडाळलेली साधी चादरही तेच काम करते. कडे आवळले की आतली जागा आटते आणि हाडांची टोके स्थिर होतात.

११/१६
होगनने १९४९ मध्ये ही पहिली मुदत यातल्या कशाहीविना पार केली. एल पासोच्या रुग्णालयात हाडे सांधू लागली होती. आणि तेव्हाच गुठळ्यांचे संकट उभे राहिले. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते की, पायाच्या शिरेत साकळलेली गुठळी सुटून फुफ्फुसाची वाहिनी बंद करू शकते. इजा झालेली शीर आणि अंथरुणाला खिळलेले शरीर, दोन्ही गोष्टी इथे जुळून आल्या होत्या.

१२/१६
हेपॅरिन १९१६ मध्येच सापडले होते. पण नुकत्याच मोडलेल्या श्रोणीत रक्त साकळू न देणारे औषध देणे म्हणजे पहिल्या मुदतीचा धोका पुन्हा ओढवून घेणे. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला आमंत्रण देत होता. हा पेच आजही पूर्ण सुटलेला नाही.

१३/१६
न्यू ऑर्लिन्सचे ख्यातनाम शल्यचिकित्सक ऑल्टन ऑक्सनर यांना वायुदलाच्या विमानाने आणण्यात आले. त्यांनी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी महाशीरच बांधून टाकली, म्हणजे गुठळीला वर जायला वाटच उरली नाही. होगन वाचला, पण पायांतील रक्ताला आता आडवाटांनी परतावे लागणार होते. पायांची सूज आणि वेदना त्याला जन्मभर पुरल्या.

१४/१६
१६ महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियन येथील यूएस ओपन स्पर्धेत उतरला. एका दिवसात ३६ होल चालला आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडणाऱ्या फेरीत जिंकला. १९५३ मध्ये त्याने मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षी तो मोजक्याच स्पर्धा खेळला होता. विजयाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली, त्या पट्ट्यांचे कारण फार थोड्यांना ठाऊक होते. महाशीर बांधण्याची शस्त्रक्रिया पुढे मागे पडली : औषधे सुधारली आणि १९७३ मध्ये लाझार ग्रीनफिल्ड यांनी मांडलेल्या गाळणीमुळे रक्त वाहते ठेवून गुठळी अडवणे शक्य झाले.

१५/१६
तिसरी मुदत सर्वांत उशिरा मोजली गेली. दुखावलेला मज्जातंतू जीव घेत नाही, क्ष-किरणांत दिसतही नाही. हुइट्टिनेन यांनी १९७२ मध्ये मृतदेहांत ताणलेले, दबलेले आणि तुटलेले मज्जातंतू दाखवले. १९८८ मध्ये डेनिस आणि सहकाऱ्यांनी त्रिकास्थी मोडलेले २३६ रुग्ण तपासले. हाडातील छिद्रांच्या बाहेर भंग असेल, तर ५.९ टक्के रुग्णांत मज्जातंतूंची इजा होती. छिद्रांतून गेला असेल, तर २८.४ टक्के, मधल्या नलिकेपर्यंत पोहोचला असेल, तर ५६.७ टक्के.

१६/१६
या आकड्यांमागे पाऊल न उचलणारी, लघवीवर ताबा न राहिलेली माणसे आहेत. त्यांचे हाड कागदोपत्री जुळलेले असते. मालगेन यांच्या ग्रंथापासून डेनिस यांच्या आकड्यांपर्यंत १४१ वर्षे लोटली. वैद्यकाने आधी मोडलेले हाड पाहिले, मग मरणारा रुग्ण. वाचलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला. एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीबद्दल ‘अपघातातून बरी झाली’ एवढेच वाक्य वाचनात आले, तर तोच प्रश्न त्या वाक्यालाही विचारावा.

(समाप्त)