रक्त आणि परकी भिंत

1960चं दशक नुकतंच सुरू झालंय. तुम्ही अमेरिकेत, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत उभे आहात. समोरच्या ट्रेमध्ये प्लास्टिकची एक कडी आहे, जेमतेम 9 मिलिमीटर लांबीची. पलीकडे भूल दिलेलं कुत्रं निजलंय. ही कडी त्याच्या हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत बसवायची आणि दोन तासांनी पाहायची. साध्या प्लास्टिकची असेल, तर तेवढ्या वेळात ती गुठळीनं बुजून जाते.

असं का होतं? परक्या पृष्ठभागाला रक्त लागलं की काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्याला प्लेटलेट चिकटतात, मग फायब्रिनचं जाळं विणलं जातं. जखमेतून वाहणारं रक्त थांबवून आपल्याला वाचवणारी ही यंत्रणा इथे जिवावर उठते. कडी प्लास्टिकची की धातूची, बसवणाऱ्याचा हेतू काय, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

व्हिन्सेंट गॉट या तरुण शल्यविशारदाच्या डोक्यात वीज आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरावर ऋणभार असतो. तोच कडीला दिला तर? म्हणून तो प्लास्टिकवर ग्राफाइटचा काळा लेप चढवतो. कड्या निर्जंतुक करायला बेंझाल्कोनियम क्लोराइडमध्ये बुडवतात आणि नंतर हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या द्रावात विसळतात. आता नीट बघा. कुत्र्याच्या शिरेतून काढलेली कडी मोकळी आहे, तिच्यातून आरपार दिसतंय! आणि विजेचा भार न देताही ती मोकळीच राहते. काम केलं ते जंतुनाशकानं: ते ग्राफाइटला धरून बसलं आणि हेपरिनला त्यानं स्वतःशी बांधून घेतलं. 1963 साली हे ‘सायन्स’मध्ये छापून येतं. या कड्यांसाठी किती कुत्री गेली, हेही या यशाच्या हिशेबात धरायला हवं.

पण असं बांधलेलं हेपरिन रक्तात हळूहळू सुटून जातं.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात चला, सॅन दिएगोला. जनरल ॲटॉमिकमध्ये जॅक बोक्रोस अणुभट्टीच्या इंधनकणांवर कार्बनचं कवच चढवतोय. उभ्या भट्टीत हायड्रोकार्बन वायूच्या झोतावर कण तरंगतात, हजारावर अंश तापमानात वायू विघटतो आणि कार्बन कणांवर बसत जातो. गॉटच्या ग्राफाइटबद्दल वाचून तो गॉटशी संपर्क साधतो. हा कार्बन कठीण, घोटून आरशासारखा होणारा. तपासणीत दिसतं की हेपरिनशिवायही रक्त त्याला बरंच सोसतं. पुढे 3 ऑक्टोबर 1977ला मिनेसोटा विद्यापीठात डेमेट्रे निकोलॉफ यांनी बसवलेल्या पहिल्या सेंट ज्यूड कृत्रिम हृदयझडपेवरही हाच पायरोलिटिक कार्बन होता. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब होऊन बदलावी लागलेलं आपल्याकडचं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर शांत खोलीत त्यांच्या छातीतली टिकटिक तुम्ही ऐकली असेल. ती बहुधा याच कार्बनच्या पाकळ्यांची.

हृदयाला मदत करणाऱ्या पंपाची गोष्ट मात्र उलटी वळली, आणि माझं मन तिच्यातच जास्त रमतं. ह्यूस्टन, टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूट. 1986 साली ओ. एच. फ्रेझियर यांनी हार्टमेट पंप पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात बसवला. नव्या हृदयाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला तोवर जगवायचं, हे त्याचं काम. त्यानंतरच्या एखाद्या दिवशी, प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेला असा एक पंप टेबलावर उघडला जातोय, वाकून बघा. आतली टायटॅनियमची भिंत मुद्दाम खडबडीत केलेली होती. एक दशांश मिलिमीटरही नाहीत, 50 ते 75 मायक्रॉनचे टायटॅनियमचे गोल कण, भाजून भिंतीला जोडलेले, भाकरीवर दाबलेल्या तिळांसारखे. रक्त दिसलं की ते गोठणारच, असं मानून त्याला पकडायला जागा दिली होती. आज त्या कणांवर पातळ, चकचकीत, घट्ट बसलेलं अस्तर आहे. रुग्णाच्या रक्तानं स्वतः घातलेलं. गुठळी सुटून मेंदूकडे जाण्याची भीती त्यानं इतकी कमी केली, की यातल्या पुष्कळ रुग्णांचं नुसत्या ॲस्पिरिनवर भागत असे. रक्ताला फसवण्यापेक्षा त्याच्याच हातून भिंत बांधून घेण्याची ही कल्पना मला या सगळ्या शोधांत सर्वांत थोर वाटते. दुर्दैवानं यंत्राचं बेअरिंग झिजायचं.

2023मध्ये या. हार्टमेट 3मध्ये चुंबकानं अधांतरी तोललेलं चक्र फिरतंय, बेअरिंग नाही. आतल्या भिंतीवर टायटॅनियमचे कण अजून आहेत. त्या वर्षीच्या एका मोठ्या चाचणीत हा पंप बसवलेल्या रुग्णांना ॲस्पिरिन दिलं नाही, तर गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला. पण रक्त गोठू न देणारी वॉर्फरिनची गोळी चालूच आहे. रुग्ण बोटातून थेंबभर रक्त काढून ते गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर बघतोय: आकडा कमी आला तर गुठळीची धास्ती, जास्त आला तर रक्तस्रावाची. या फिरत्या पंपात ही गोळी सुटेल असा पृष्ठभाग अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.