नवजात बाळसेवा, घरोघरी

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाची, त्याच्या घरी जाऊन, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने ('आरोग्यदूत') घेतलेली आरोग्य-काळजी. बाळंतिणीची तपासणी व तिला सल्ला देणे हा या सेवेचाच भाग. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही पद्धत गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली.

प्रयोग : ३९ गावांत सेवा देण्यात आली, ४७ गावे तुलनेसाठी होती. सेवेच्या गावांत १९९३–९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. सेवेच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ झाले. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ही घट ६२.२ टक्के ठरते. निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

कार्यपद्धती : आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी हजर राहते. बाळ रडले नाही, तर त्याला श्वास देते. पुढच्या भेटींत ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, अंगावर पाजण्यास मदत करते आणि बाळाला उबेत ठेवायला शिकवते. जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास व बाळाला दवाखान्यात न्यायला कुटुंब तयार नसल्यास प्रतिजैविके देते. जंतुदोष झालेल्यांपैकी १६.६ टक्के बाळे पूर्वी दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. गावातल्या स्त्रीने प्रतिजैविकांचे इंजेक्शन द्यावे की नाही, याबाबत वैद्यकीय वर्तुळात मतभेद होते.

श्वासमापक : अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी डॉ. अभय बंग यांनी बनवलेले साधन. यात एका मिनिटाची वाळूची घडी व रंगीत मण्यांच्या ओळी असतात. दाई बाळाच्या पोटाची हालचाल पाहत दहा श्वास मोजते आणि एक मणी सरकवते. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. दाईला दहापुढे मोजावे लागत नाही.

प्रसार : जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये हे काम आशा स्वयंसेविकांकडे सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी भेट ठरली. घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवशीची भेट अधिक.

पुढील टप्पा : २०१८ पासून ३ ते १५ महिन्यांच्या बाळांसाठी आणखी पाच भेटी.

मोबदला : ४२ दिवसांच्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला प्रत्येक बाळामागे २५० रुपये ठरवण्यात आले. कामाची जोखीम व त्याचे मोल पाहता ही रक्कम अपुरी आहे.